यंत्रं घेतलीत, आता ती सांभाळायचं पण बघा : पाणथळ केंद्राच्या समितीला खुलं पत्र

मा. सदस्य, देखरेख समिती, आणि केंद्राला निधी देणारे, दरवर्षी भेट देणारे, आमच्याकडनं आकडे मागून नेणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

केंद्राचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम घालत नाहीये. हे दुखणं एकाच जागेचं नाही आणि कुणाला उघडं पाडायचं म्हणून तर मी अजिबातच लिहीत नाहीये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पाणथळीवर पाण्याची आणि हवामानाची यंत्रं बसवलीत, ती पुसणं, तपासणं, त्यातला डेटा उतरवून घेणं हे काम मी बरीच वर्षं करतोय. पत्र खुलं लिहितोय कारण ते आकडे फक्त तुमच्या फाईलीत राहत नाहीत, त्यावर पोरांचे प्रोजेक्ट होतात, पीएचडी होतात, पेपरात बातम्या येतात, मासेमारीवाले विचारायला येतात, म्हणजे हे सगळ्यांचंच आहे.

मागणी आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी चालेल. देखभालीला बजेटमध्ये वेगळं हेड (खर्चाचं स्वतंत्र खातं) पाहिजे, आणि त्या कामावर पगारी, कायमचा, शिकलेला माणूस पाहिजे. यंत्र खरेदीतनं उरलं तर देखभाल, असं नको. आधी देखभालीचे पैसे बाजूला काढा आणि मग त्यात बसतील तेवढीच यंत्रं घ्या.

आता का ते सांगतो.

जुलै लागला की कोल्हापुरात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतोय, किती फूट झालं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. नदीकाठच्या प्रयाग चिखलीची, आंबेवाडीची माणसं त्या आकड्यावर ठरवतात की जनावरं कधी हलवायची, सामान माळ्यावर टाकायचं का गावच सोडायचं. २०१९ ला पाणी ५५ फुटाच्याही वर गेलं तेव्हा ह्या आकड्यावर किती लोकांचे डोळे होते ते तुम्हीपण बघितलंय. म्हणजे आपल्या जिल्ह्याला आकड्याची किंमत माहीत नाही असं कुणी म्हणू नये. इथल्या माणसानं आकड्यावर जीव सोपवलाय. म्हणून मला जास्त वाईट वाटतं की आपल्या पाणथळीवरचा आकडा बरोबर आहे का चूक हे विचारणारं बैठकीत कुणीच नसतंय, किती यंत्रं बसवली एवढंच विचारतात.

मागं एका बैठकीत विरघळलेल्या ऑक्सिजनचा, म्हणजे डीओचा आलेख पडद्यावर लावला होता. रेघ हळूहळू खाली खाली येत होती, महिनाभराची रेघ, एकदम स्वच्छ दिसणारी. सगळे गंभीर झाले, पाणी मरत चाललंय असं कुणीतरी म्हणालं, पेपरला द्यायची पण भाषा झाली. त्या काळात एएमसी, म्हणजे कंपनीशी केलेला देखभालीचा वार्षिक करार, संपली होती, नवीन झाली नव्हती, होडीचं काम निघालं होतं त्यामुळं सेन्सरपर्यंत जाताच येत नव्हतं. नंतर जेव्हा सेन्सर वर काढला तेव्हा त्याच्यावर शेवाळाचा आणि गाळाचा बोटभर थर होता. पुसला, परत सोडला आणि आकडा एका मिनिटात वर आला. पाण्याला काहीच झालं नव्हतं. म्हणजे महिनाभर जी घसरण बघून सगळे घाबरले होते ती पाण्याची नव्हतीच, सेन्सरवर साठलेल्या घाणीची होती.

हे नीट समजून घ्या ही विनंती आहे, कारण माझं सगळं म्हणणं ह्यावरच उभं आहे. यंत्र बंद पडलं तर लगेच कळतं, रकाना रिकामा राहतो, कुणीतरी फोन करतं. पण यंत्र खोटं बोलायला लागलं तर कळत नाही कारण खोटा आकडा पण खऱ्यासारखाच दिसतो, दोन दशांश स्थळांपर्यंत. डीओच्या सेन्सरवर जो चिकट थर बसतो तो नुसता कचरा नसतो, जिवंत असतो. त्यातले जिवाणू सेन्सरच्या अगदी तोंडापाशीच ऑक्सिजन खातात म्हणून आकडा कमी येतो, आणि त्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं म्हणून दुपारी आकडा जास्त पण येऊ शकतो. म्हणजे आपण अख्ख्या तळ्याचा ऑक्सिजन मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो त्या थराचा. गढूळपणाच्या सेन्सरचं पण तसंच, काचेवर थर चढत गेला की गढूळपणा वाढतोय असंच दिसणार, पाऊस नाही काही नाही तरी. त्याला वायपर असतो पण वायपरचं रबर झिजतं, बारीक गोगलगाय चिकटते, केंदाळाचं (जलपर्णीचं) मूळ अडकतं आणि मग तो वायपरच घाण पसरवतो.

आणि आपल्याकडचं पाणी काही साधं नाही. सांडपाणी येतंय, उसाच्या रानातनं खताचं पाणी येतंय, नायट्रेट आणि फॉस्फेट मिळालं की शेवाळ आणि केंदाळ दोन्ही माजतात. रंकाळ्यावर हिरवा तवंग आलेला आणि केंदाळ काढायला जेसीबी लागलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. अशा पाण्यात थंड देशातलं मॅन्युअल घेऊन महिन्यातनं एकदा साफसफाई करून भागत नाही. मार्च ते मे मध्ये आठवड्याला एकदा हात फिरवावाच लागतो, आणि शेवाळ फुललं असेल तर त्याच्याही आत. तांब्याची जाळी किंवा तांब्याची टेप सेन्सरच्या गार्डला लावली तर थर बसायचा वेग कमी होतो, तांब्याला जीव चिकटायला मागत नाहीत, हे साधं आहे आणि महाग पण नाही. पण थांबत नाही, नुसतं कमी होतं.

असल्या पाण्यात दिवसरात्रीचा फरक पण मोठा असतो. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं तेव्हा डीओ भरपूर, आणि रात्रभर तेच शेवाळ, गाळ आणि मासे सगळे मिळून तो संपवतात, त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. मासे मरतात ते पहाटे. आणि आपल्याकडं पाहुणे येतात, सॅम्पल घेतात ते अकरा ते चारच्या दरम्यान. म्हणूनच तर चोवीस तास मोजणारं यंत्र पाण्यात ठेवायचं, त्याचा सगळा उपयोग त्या पहाटेच्या आकड्यासाठी आहे. आणि तो पहाटेचा लिटरला दीड-दोन मिलिग्रॅमचा आकडा खरा का घाणीमुळं आलेला, हे सांगता आलं नाही तर मग यंत्र ठेवून काय मिळवलं?

आता साफ करायची पण एक पद्धत आहे, नुसतं फडकं मारलं म्हणजे झालं असं नाही. सेन्सर पाण्यातनं काढायच्या आधी एक रीडिंग लिहायचं. साफ करून परत त्याच पाण्यात सोडून दुसरं रीडिंग लिहायचं. मग कॅलिब्रेशन (यंत्राचं माप बरोबर लावणं) तपासून, लागलं तर करून, तिसरं. पहिल्या दोनातला फरक म्हणजे घाणीमुळं झालेली चूक, आणि बफरमध्ये किंवा स्टँडर्डमध्ये, म्हणजे ज्याचं माप आधीच माहीत आहे अशा द्रावणात, जो फरक दिसतो ती यंत्र स्वतः सरकल्याची चूक. ह्या दोन वेगळ्या लिहिल्या तरच मागचा डेटा दुरुस्त करता येतो. हे सगळं चाललेलं असताना बाजूला दुसरं हातातलं मीटर चालू ठेवावं लागतं कारण तेवढ्या वेळात पाणीपण बदलत असतं. एवढं सगळं भर उन्हात होडीत बसून करायचं, हात ओले, वही ओली. ज्याला हे काम दिलंय त्याला शिकवलं पाहिजे आणि वेळ दिला पाहिजे. वॉचमनला सांगून होणारं हे काम नाही, वॉचमन चांगला माणूस आहे पण त्याला त्याचं काम आहे.

कॅलिब्रेशनचं एक उदाहरण देतो, कोल्हापूरचंच आहे. डीओचा सेन्सर ओल्या हवेत धरून शंभर टक्क्याला लावतात. समुद्रसपाटीला २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पण आपण समुद्रसपाटीला नाही, आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, हवेचा दाब कमी, म्हणून इथं तोच आकडा ७.७ च्या आसपास येतो. मीटरमध्ये दाब भरलाच नाही, मुंबईहून आलेल्या सेटिंगवर तसंच चालवलं तर प्रत्येक आकडा सहा-सात टक्क्यांनी जास्त येणार, वर्षानुवर्षं, आणि कुणाला पत्ता पण लागणार नाही. हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, फक्त ज्याला माहीत आहे असा माणूस लागतो.

पैसे कुठं लागतात ते पण सांगतो. पीएचचा इलेक्ट्रोड आयुष्यभर चालत नाही, वर्ष दीड वर्षात थकतोच, वापरला नाही तरी. त्याचा काचेचा गोळा सुकवायचा नाही, डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचा नाही, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवायचा. बफर ४, ७ आणि १० चे लागतात आणि त्यांना एक्सपायरी असते, १० चा बफर तर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली घसरतो. कंडक्टिव्हिटीला (पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजायला) १४१३ चं स्टँडर्ड लागतं. डीओच्या ऑप्टिकल सेन्सरची टोपी वर्ष दोन वर्षांनी बदलावी लागते. ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, सिलिका जेल, बॅटरी, केबल टाय. यातलं बरंचसं किरकोळ आहे, पण हे सगळं कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत, येतं आणि आपल्याकडं ३१ मार्चच्या आत जे पैसे संपवायचे असतात ते डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाला, लागतात, नवीन यंत्राला लागतात, कारण त्याचा फोटो निघतो आणि रजिस्टरला नोंद होते. मग कपाटात दोन नवीन सेन्सर पॅक आणि पाण्यातल्या सेन्सरला टोपी नाही, अशी वेळ येते. कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. नियमच असे आहेत की विकत घेणं सोपं आणि सांभाळणं अवघड. पण नियम बदलून घेणं तुमच्या हातात आहे, माझ्या नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितोय.

नदीवर मोटर असलेला आमच्याकडचा कुठलाही शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर मोटर वर काढतो, आणि कधी काढायची, दोर कुठला, चार माणसं कुठली हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. लाखाच्या आत-बाहेरची मोटर असते ती. आपली त्याच्या कितीतरी पट किमतीची यंत्रं पाण्यात असतात आणि पाणी चढायला लागल्यावर कोण वर काढणार, कुठल्या पातळीला काढणार, कुणाला विचारून काढणार, हे कुठं लिहिलेलं नाही. एका पुरात वायर सकट लॉगरचा, म्हणजे सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या यंत्राचा, डबा पाण्यात गेला, आणि जो आठवडा अख्ख्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा तोच आपल्याकडं कोरा आहे. डबा पूररेषेच्या वर खांबावर न्यायला पाहिजे हे मी आधीपण बोललोय, सगळ्यांनी माना हलवल्या, मग ते राहिलं ते राहिलंच.

आणि पुराची उंची कळण्यासाठी तर विजेची पण गरज नाही. पीव्हीसीचा पाईप खांबाला उभा बांधायचा, खाली भोकं, आत एक लाकडी पट्टी आणि तळाला बुचाचा बारीक भुगा. पाणी चढलं की भुगा तरंगत वर जातो आणि उतरताना जिथपर्यंत पाणी आलं होतं तिथं पट्टीला चिकटून राहतो. पूर ओसरल्यावर जाऊन मोजायचं, पुसायचं, परत भुगा घालायचा. बॅटरी मेली, सिम बंद पडलं, लॉगर बुडाला तरी हा पाईप त्याचं काम करतो. प्रत्येक महागड्या लेव्हल सेन्सरजवळ हा एक आणि साधी रंगवलेली पट्टी एक, दोन्ही पाहिजेतच. पट्टीवरचं डोळ्यानं वाचलेलं आणि लॉगरचं, दोन्ही दर फेरीला शेजारी शेजारी लिहिलं तर सेन्सर सरकलाय का ते लगेच कळतं. दाबावर चालणाऱ्या लेव्हल सेन्सरला हवेचा दाब वजा करावा लागतो, दाब एक मिलिबारनं हलला की पाणी एक सेंटीमीटरनं हलल्यासारखं दिसतं, त्यासाठी केबलच्या आतनं एक बारीक नळी वर हवेत आणलेली असते आणि तिच्या तोंडाशी सिलिका जेल असतं, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. आपल्याकडं जून ते सप्टेंबर दमट हवेशिवाय दुसरं काय असतंय? निळं जेल गुलाबी झालं की संपलं, बदलायचं. (हे जेल घरच्या तव्यावर भाजून परत वापरू नका कुणी, निळ्या रंगाला कोबाल्ट असतं, ते विषारी आहे.) जेल बदललं नाही की नळीत पाण्याचा थेंब बसतो आणि मग लेव्हल मनाला येईल तशी वर खाली होते. शंभर-दोनशे रुपयांच्या पुडीसाठी पावसाळाभराचा डेटा जातो.

पावसाच्या मापकाचं बोलल्याशिवाय राहवत नाही कारण ते सगळ्यात साधं यंत्र आणि त्याचेच सगळ्यात जास्त हाल. आत एक छोटं दुहेरी भांडं असतं, एक बाजू भरली की कलंडतं आणि एक टिचकी मोजली जाते. आपलं २० सेंटीमीटर तोंडाचं आहे, त्यात ०.२ मिमी पावसाला साधारण ६.३ मिली पाणी लागतं. म्हणजे ३१४ मिली पाणी मोजून अगदी हळूहळू, थेंब थेंब सोडलं तर ते ५० वेळा कलंडलं पाहिजे. पन्नासला दोन-तीन कमी-जास्त ठीक, पण चाळीसच आले तर त्या यंत्राचा पाऊस पाचव्या हिश्श्यानं कमी आहे. ही तपासणी करायला एक मोजपात्र, एक सलाईनची बाटली आणि तासभर वेळ लागतो, बास. मे महिन्यात ही झालीच पाहिजे. आणि जाळीवर आंब्याचं पान, पाखरांची विष्ठा, आत कोळ्याचं जाळं, कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर, हे रोजचं आहे. अर्धवट तुंबलेलं मापक जास्त फसवतं. तासाभरात पडलेला धो धो पाऊस त्यातनं रात्रभर ठिबकत राहतो, एकूण बेरीज जवळपास बरोबर येते आणि पाऊस किती जोरात पडला हे पूर्ण खोटं येतं. पूर कसा आला हे शोधणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं.

आणि कुणी म्हणेल की आपलं बंद पडलं तर शेजारच्या स्टेशनचा पाऊस घालू. आपल्या जिल्ह्यात हे चालत नाही. पश्चिमेच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि पूर्वेच्या शिरोळला त्याच्या एक दशांश पडला तरी लोक बरा म्हणतात. पश्चिमेकडनं पूर्वेकडं दहा-पंधरा किलोमीटर सरकलं की पाऊस बदलतो. इथं पडलेला पाऊस इथंच मोजावा लागतो.

सोलरच्या प्लेटवर पाणकावळे बसतात, पंख वाळवत, आणि त्यांची विष्ठा अशी चिकटते की पावसानं पण जात नाही. पाखरं येणारच, त्यांच्यासाठीच तर ही जागा राखायची आहे. दोन बारीक तारा वरनं ओढल्या तर ती दुसरीकडं बसतात. पण श्रावणात आठ आठ दिवस ऊन नसतं, त्यात प्लेट घाण, मग १२ व्होल्टची बॅटरी पहाटे खाली जाते, लॉगर पहाटे झोपतो आणि दहा वाजता परत उठतो. पहाटेचाच डेटा गेला की वर सांगितलेलं सगळं वाया. बॅटरीचा व्होल्टेज लॉगर स्वतःच नोंदवत असतो, तो रोज बघितला तर आठवडाभर आधी कळतं की काहीतरी बिघडतंय. कुणीतरी बघायला पाहिजे एवढंच.

लॉगरच्या घड्याळाचं पण तसंच. एकदा बॅटरी बदलताना घड्याळ मागं पुढं झालं किंवा कुणी ग्रीनविचच्या वेळेवर ठेवलं तर साडेपाच तासांचा फरक पडतो, पहाटेचा डीओ मध्यरात्रीच्या खात्यात जातो, आणि सकाळी साडेआठ ते साडेआठ असा जो चोवीस तासांचा पाऊस हवामान खातं धरतं त्याच्याशी आपला जुळेनासा होतो.

आता डेटाबद्दल एक विनंती, ही जरा कडक शब्दांत करतो. रिकामी जागा रिकामीच ठेवा. यंत्र बंद होतं त्या दिवशी पावसाच्या रकान्यात शून्य टाकायचा नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रिकामं म्हणजे आम्हाला माहीत नाही. अहवाल भरलेला दिसावा म्हणून कुठल्यातरी टेबलावर शून्यं टाकली जातात, किंवा मागच्या पुढच्या दिवसाची सरासरी टाकली जाते, आणि मग पाच वर्षांनी कुणीतरी पोरगी तिच्या प्रोजेक्टला तेच आकडे घेते आणि ऑगस्टमध्ये आठ दिवस पाऊस नव्हता असं लिहिते. कच्चा डेटा जसा आला तसा एका फोल्डरला, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुरुस्त केलेला वेगळा, आणि काय दुरुस्त केलं, कुणी केलं, कधी केलं त्याची नोंद सोबत. भरलेला दिसणारा अहवाल नको, खरा पाहिजे. देखभालीची वही पण डेटाच आहे, ती पावसात भिजून टाकून द्यायची वस्तू नाही, तिचे फोटो काढून डेटासोबत ठेवा. आकडा एकदम उडी मारतो तेव्हा त्याचं कारण त्या वहीतच सापडतं, सेन्सर पुसला, टोपी बदलली, म्हशीनं केबल ओढली.

म्हशीवरनं आठवलं, आजूबाजूच्या लोकांना धरून चालल्याशिवाय हे होणार नाही. बॅटरी चोरीला गेली की कुंपण घाला, कॅमेरा लावा असं सुचवलं जातं. त्यापेक्षा तिथं रोज येणाऱ्या माणसांना, मासेमारी करणाऱ्यांना, म्हशी धुणाऱ्यांना, वैरण काढायला येणाऱ्या बायकांना ते यंत्र काय करतंय ते सांगा. मी सांगितलंय आणि मला अनुभव आहे, एकदा कळलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतायत ह्याचा फोन यंत्राच्या मेसेजच्या आधी त्यांचा येतो. जाळं आमच्या तरंगत्या बॉयाला अडकलं तर कापत नाहीत, हाक मारतात. स्टेशनवरचा बोर्ड मराठीत लावा, त्यावर कालचा डीओ आणि पाऊस खडूनं लिहायची सोय करा. त्यांच्या पाण्याचा आकडा त्यांना आधी कळला पाहिजे, त्यांचा हक्क आहे तो.

आणि जो पाण्यात उतरतो त्याच्या जिवाचं पण बघा. पावसाळ्यात गुरांच्या, उंदरांच्या लघवीतनं लेप्टोचा ताप येतो, गवतात घोणस असते, गाळात पाय कमरेपर्यंत जातो. गमबूट, हातमोजे, लाइफ जॅकेट आणि सोबतीला दुसरा माणूस, हे देखभालीच्या खर्चातच धरा. एकट्याला होडीत पाठवू नका. कंत्राटी पोरांना वर्षाला बदलायचं पण बंद करा. एखादा पोरगा सहा महिन्यांत शिकतो, कुठला सेन्सर कसा रुसतो ते त्याला कळायला लागतं आणि तेवढ्यात त्याची ऑर्डर संपते, पुढच्याला परत पहिल्यापासून. इथं आयटीआय झालेली, पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेली पोरं-पोरी आहेत, काम करायला तयार आहेत, पुण्याहून कंपनीचा इंजिनियर यायची वाट आपण तीन तीन आठवडे बघतो तेव्हा ती इथं मोकळी असतात.

दोन फेब्रुवारीला आपण पाणथळ दिन करतो, १९७१ साली इराणमधल्या रामसर गावात करार झाला तो दिवस. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी रामसर यादीत गेली. आपल्या जिल्ह्यातल्या पाणथळीचं नाव उद्या पुढं करायचं असेल, नाहीतर नुसतं २०१७ च्या पाणथळ नियमांखाली ती राखायची असेल, भराव घालणाऱ्याला, सांडपाणी सोडणाऱ्याला थांबवायचं असेल, तरी आपल्याकडं सलग आणि खात्रीचे आकडे लागणार. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की सेन्सर शेवटचा कधी तपासला होता, नोंद दाखवा. त्या प्रश्नाला आज आपल्याकडं उत्तर नाही, आणि मला ह्याची काळजी वाटते. हे पाणी माझ्या लहानपणापासून माझ्यासमोर आहे, ते वाचायचं असेल तर त्याची बाजू मांडायला खरे आकडे पाहिजेत आणि ते आपण हातानं घालवतोय.

मेच्या बैठकीत एवढं करा. देखभालीचं हेड उघडा आणि यंत्रांच्या किमतीच्या प्रमाणात दरवर्षी ठरलेली रक्कम त्यात टाका, कितवा हिस्सा ते हिशोबानं ठरवू, माझ्याकडं कशाला काय लागतं त्याची यादी तयार आहे. लॉगरचा डबा पूररेषेच्या वर घ्या, जूनच्या आत. पाणी किती चढलं की यंत्रं वर काढायची तो फूट ठरवा आणि तो निर्णय जागेवरच्या माणसाला घेऊ दे, रात्री दोनला परवानगीसाठी फोन लावत बसायला लागू नये. नवीन यंत्र ह्या वर्षी एकपण घेऊ नका, कपाटातली आधी वापरात आणा. एएमसीच्या कागदावर किती दिवसांत माणूस येणार ते लिहून घ्या आणि न आल्यास पैसे कापायचं कलम टाका.

आणि जमलं तर बैठक हॉलमध्ये न घेता केंद्रावर घ्या. सकाळी सहाच्या आत या, तेव्हाचा डीओ स्वतः मोजून बघा, मग नऊ वाजता परत मोजू. वह्या मी काढून ठेवतो. होडी एकच आहे आणि लाइफ जॅकेट चार, त्यामुळं पाळीपाळीनं जावं लागेल, पायात जुनी चप्पल घालून या.

आपला,
केंद्रावर फील्डचं काम बघणारा एक कर्मचारी
कोल्हापूर